हातचा

विद्यापीठातून आलेली मुलगी विचारते,
कंपनी वाढली कशामुळे?
भांडवल, मागणी, नेतृत्व :
तीन चौकोन तिने घरूनच आखून आणलेत.
चौतीस वर्षं मी इथला हिशेब लिहिला,
मला चौकोनाबाहेरचंच आठवतं.

एलादियोला वाढायचं नव्हतंच.
त्याला सार्डिन भरायचे होते डब्यात,
ऑलिव्हच्या तेलात, एक सुलटा एक उलटा,
आणि रविवारी बोट घेऊन खाडीत जायचं होतं, एकट्याने.
पण विगोच्या दलालाकडे लहान बॉयलर उरला नव्हता.
होता तो मोठा, आमच्या दुपटीचा,
कुणाच्या तरी बुडालेल्या कारखान्यातला, स्वस्त.
घेतला.
त्या दिवसापासून भूक बॉयलरला लागायची.
ऑक्टोबरात सार्डिन संपले की
कोपऱ्यात बसून असायचा
सासरी मुक्काम ठोकलेल्या जावयासारखा.

म्हणून हिवाळ्यात शिनाणे.
शिनाण्यांना डबा गोल, म्हणून पत्रा कापायचं यंत्र.
गोल कापला की कोपरे उरतात,
चार-चार, अणकुचीदार.
ओब्दुलिया ते परकरात गोळा करायची.
"फेकायचं कशाला?" एवढंच म्हणाली,
आणि पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर
औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची वही वेगळी.

झाकणं घेऊन ट्रक माद्रिदला जायचा,
परत यायचा रिकामा.
रिकाम्या ट्रकचा खडखडाट
एलादियोला म्हणे अर्ध्या झोपेत, दोन वळणं आधीच ऐकू यायचा.
मग त्यात कांदे. मग काच.
मग दुसऱ्यांचा माल, मग दुसरा ट्रक,
मग तोही अर्धा रिकामा.

शाळेत शिकलीस ना,
सात आणि आठ पंधरा,
पाच लिहायचे, हातचा एक.
मला कुठलीच वही नुसते पाच लिहून मिटता आली नाही.
तो एक उठून दशकाच्या घरात जायचा
आणि तिथली शांत बेरीज बिघडवायचा.

सगळंच फळलं असं लिहू नकोस.
टोमॅटोचं वर्ष लिही.
डबे फुगले, गोदामात रात्रभर
एकेक फुटायचा, बंदुकीचा बार काढल्यासारखा.
शुर्शोने स्वतःचं घर गहाण टाकलं तेव्हा,
त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.
आणि ओब्दुलियाचं बोट, डाव्या हाताचं, मधलं,
तिच्याच झाकणांच्या यंत्राने नेलं.
ते जमेत धरायचं की खर्चात, मला कळेना.
मी तारखेपुढे एक टिंब दिलं.
अजून आहे, दाखवते.

मग मुलगा आला, ब्राइस, शिकूनसवरून.
त्याने मिनिटं मोजली.
दुपारी खिडकीशी कुणी उभं राहीना,
पत्र्याचा कोपरा उरेना,
ट्रक जाताना भरलेला, येताना भरलेला.
ताळेबंद इतका देखणा
की चौकट करून भिंतीवर लावावा. लावलाच त्याने.
त्या वर्षी, आणि त्यानंतरची सहा वर्षं,
आम्ही होतो तेवढेच राहिलो.
हातचा शून्य.

मुलगी पेन उचलून धरते.
"म्हणजे मग खूण कशात करू?"

खिडकीबाहेर ओहोटी लागलीय,
शिनाण्यांचे तराफे दोर ताणून उभे.
मला काय माहीत, बाई.
चर्चच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराशी जा,
ओब्दुलियाला विचार.
दुपारी ती मोकळीच असते.